पाण्यांत सांपडलेली मोटार : भरपाई मागावी कीं न मागावी ?

जून महिना सरतां सरतां मुंबईवर पहिला मोठा पाऊस कोसळतो आणि दरवर्षींचें एक परिचित दृश्य पुन्हां दिसूं लागतें. हिंदमाता, किंग्ज सर्कल, अंधेरीचा भुयारी रस्ता अशा सखल ठिकाणीं पाणी सांचतें. पाऊस आणि भरती यांची गांठ पडली म्हणजे तें समुद्राकडे जाण्याऐवजीं रस्त्यांतच तुंबून राहतें. आणि त्या गढूळ पाण्यांत मोटारींच्या रांगा चाकें बुडवून उभ्या राहतात. २६ जुलै २००५ रोजीं तर सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ज्यांनीं मुंबईचा पाऊस जन्मभर पाहिला होता तेहि त्या दिवशीं स्तंभित झाले, आणि असंख्य मोटारी टपापर्यंत पाण्याखालीं गेल्या.

असा प्रलय क्वचित् येतो. नेहमींचा प्रसंग त्याहून लहान असतो. पाणी दारांतून आंत शिरतें, पायाखालचा गालिचा भिजतो, बॅटरी निकामी होते, विजेच्या तारांत ओल शिरते. दुसऱ्या दिवशीं गॅरेजवाला खर्चाचा अंदाज हातीं देतो आणि घरांत प्रश्न उभा राहतो : विमा तर उतरविलेला आहे, मग भरपाई मागावी, कीं हा खर्च निमूटपणें सोसावा?

या प्रश्नावर दोन मतें हमखास ऐकूं येतात. घरांतील कोणी तरी म्हणतें, ‘इतकीं वर्षें हप्ते भरले ते कशासाठीं ? आतां वसूल करून घ्या.’ शेजारचे अनुभवी गृहस्थ म्हणतात, ‘एकदां भरपाई घेतलीत कीं पुढच्या वर्षीं हप्ता वाढलाच म्हणून समजा. त्या फंदांत पडूं नका.’ दोघांच्याहि बोलण्यांत अर्धें सत्य आहे आणि अर्ध्या सत्यावर विसंबून केलेला निर्णय बहुधा महाग पडतो. वस्तुतः हा प्रश्न मताचा नसून थोड्या वाचनाचा आणि थोड्या बेरीज-वजाबाकीचा आहे.

वाचन विमापत्राचें. प्रथम पाहावयाचें तें हें कीं, उतरविलेला विमा कोणत्या जातीचा आहे. मोटार रस्त्यावर आणावयाची तर तिऱ्हाइताच्या हानीचा विमा कायद्यानें सक्तीचा आहे. १९३९च्या मोटार कायद्यांतील ही सक्ती १९४६ सालीं अमलांत आली आणि १९८८च्या कायद्यानें ती कायम ठेवली. परंतु हा विमा मोटारीच्या हातून दुसऱ्याचें जें नुकसान होईल त्याच्यापुरता असतो. मालकाची स्वतःची गाडी पुरांत बुडाली तर त्यांतून एक पैहि मिळत नाहीं. लोक ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात त्यांत मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाहि अंतर्भाव असतो, आणि त्याच्या संकटांच्या यादींत आग, चोरी, अपघात, भूकंप यांच्याबरोबर पूर, वादळ आणि जलप्रलय यांचीं नांवें स्पष्टपणें असतात. म्हणजे रस्त्यावरचें पाणी चढून गाडींत शिरलें तर भरपाईचा मार्ग मोकळा असतो.

मोकळा असतो, पण सर्वस्वीं नव्हे. त्याच विमापत्रांत पुढें वगळलेल्या गोष्टींचीहि यादी असते. वापरानें होणारी झीज, यांत्रिक किंवा विजेचा बिघाड आणि मूळ नुकसानीच्या पाठोपाठ येणारें दुय्यम नुकसान हीं त्या यादींत असतात. यांतील शेवटची बाब पावसाळ्यांत सर्वांत अधिक तंटे उत्पन्न करते, आणि त्याचें कारण इंजिनाच्या रचनेंत आहे.

इंजिनाच्या सिलिंडरमध्यें दट्ट्या वर येतो तेव्हां तो आंतील हवा दाबतो. हवा दाबली जाते. पाणी दाबलें जात नाहीं. हवा ओढण्याच्या नळींतून पाणी सिलिंडरांत शिरलें असतां जर कोणी किल्ली फिरविली, किंवा हल्लींच्या गाड्यांप्रमाणें कळ दाबली, तर वर येणारा दट्ट्या त्या पाण्यावर आदळतो आणि त्याला जोडलेला पोलादी दांडा वांकतो. क्षणभरांत हजारांच्या जागीं लाखांचा खर्च उभा राहतो. अशा वेळीं विमा कंपनी सामान्यतः असें म्हणते कीं, गाडींत पाणी शिरलें हा पुराचा परिणाम. परंतु इंजिन मोडलें तें बंद गाडी चालू करण्याच्या खटपटीमुळें, सबब तें दुय्यम नुकसान होय. या संकटासाठीं ‘इंजिन प्रोटेक्ट’ नांवाची पुरवणी निराळा हप्ता भरून घेतां येते. ती घेतलेली नसेल तर इंजिनाची भरपाई मिळविणें कठीण जातें.

म्हणून भरपाई मागावी कीं न मागावी या प्रश्नाचें अर्धें उत्तर पाण्यांत उभें असतांनाच ठरून जातें. गाडी पाण्यांत बंद पडली तर ती पुन्हां चालू करण्याचा मोह टाळावा. पाणी कोठवर चढलें आहे तें दाखविणारीं छायाचित्रें घ्यावीं, कंपनीला ताबडतोब कळवावें, आणि गाडी ओढून गॅरेजमध्यें न्यावी. घाईनें घरीं पोहोंचण्याचा तो एक प्रयत्न पुढच्या सर्व वाटा बंद करूं शकतो.

झिजेची बाबहि तितकीच ध्यानांत घेण्यासारखी आहे. दाराभोंवतीचें रबर कुजलें, टपाच्या कांचेभोंवतीचीं पाणी वाहून नेणारीं भोकें पाल्यापाचोळ्यानें बुजलीं, आणि महिनोन्महिने थेंब थेंब पाणी आंत झिरपून पत्रा गंजला, तर त्याला पूर म्हणतां येत नाहीं. याचें ठळक उदाहरण अमेरिकेंत पाहावयास मिळतें. तेथें निजण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय असलेल्या प्रचंड मोटारी घेऊन कुटुंबेंच्या कुटुंबें प्रवासाला निघतात. या चाकांवरच्या घरांचा मोठा शत्रू म्हणजे छपराच्या सांध्यांतून होणारी गळती. वादळांत झाडाची फांदी पडून छप्पर फाटलें आणि पाणी आलें तर तेथील विमा कंपनी सामान्यतः भरपाई देते; परंतु सांध्यांवरचा लेप वाळून भेगाळला आणि दोन पावसाळे पाणी मुरून भिंतींतलें लांकूड कुजलें तर ती हात वर करते. पाणी तेंच, कुजलेली भिंतहि तीच, भेद कारणाचा. एक आकस्मिक आपत्ति, दुसरी काळाची आणि दुर्लक्षाची करणी. विमा आपत्तीचा असतो, दुर्लक्षाचा नसतो. हा नियम मुंबईच्या मोटारीलाहि तसाच लागू आहे.

आतां बेरीज-वजाबाकीकडे वळावें. गॅरेजचें बिल आणि कंपनीकडून हातीं येणारी रक्कम या दोन भिन्न गोष्टी आहेत. कंपनी प्रथम सुट्या भागांवर घसारा कापते. प्रचलित पद्धतीप्रमाणें रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांच्या किंमतींतून शेंकडा ५० वजा होतात. फायबरग्लासच्या भागांतून शेंकडा ३०. कांचेवर कांहींच नाहीं. धातूच्या भागांचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणें वाढतो. पहिले सहा महिने शून्य, एक ते दोन वर्षांच्या गाडीला शेंकडा १०, चार ते पांच वर्षांच्या गाडीला ३५, पांच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० आणि त्यापुढें ५०. मजुरीवर घसारा नसतो. ‘झीरो डेप’ म्हणून ओळखली जाणारी पुरवणी घेतलेली असेल तर ही कपात टळते; पण ती बहुधा नव्या गाड्यांनाच मिळते. घसारा वजा झाल्यावर प्रत्येक प्रसंगीं मालकानें स्वतः सोसावयाचा ठराविक भाग वजा होतो. १५०० सी. सी. पर्यंतच्या मोटारीस तो १,००० रुपये आणि त्यावरच्या मोटारीस २,००० रुपये असतो. हप्त्यांत सूट मिळावी म्हणून मालकानें आपण होऊन अधिक भाग पत्करला असेल तर तोहि वजा होतो.

दुसरी बाजू सवलतीची. ज्या वर्षीं भरपाई घेतली नाहीं त्या वर्षाबद्दल पुढील हप्त्यांत जी सूट मिळते तिला ‘नो क्लेम बोनस’ म्हणतात. ती पायरीपायरीनें चढते : एका वर्षानंतर शेंकडा २०, दोन वर्षांनंतर २५, तीन वर्षांनंतर ३५, चार वर्षांनंतर ४५ आणि पांच वर्षांनंतर ५०. ही सूट हप्त्याच्या स्वतःच्या नुकसानीसंबंधीच्या भागावर मिळते, सक्तीच्या भागावर मिळत नाहीं. आणि एकदां भरपाई घेतली कीं चढणारा गडी सापशिडीच्या खेळांतल्याप्रमाणें तळाशीं येतो. पुढच्या वर्षीं सूट शून्य.

येथेंच बहुतेकांचा हिशेब चुकतो. ते एकाच वर्षाचा तोटा धरतात. पण पांचव्या पायरीवरून घसरलेल्या माणसाला ती पायरी पुन्हां गांठावयास पांच वर्षें लागतात. पहिल्या वर्षीं तो पन्नासाच्या जागीं शून्य सूट घेतो, म्हणजे शेंकडा ५० गमावतो. दुसऱ्या वर्षीं वीस मिळतात, म्हणजे ३० जातात. तिसऱ्या वर्षीं २५, चौथ्या वर्षीं १५, पांचव्या वर्षीं ५. एकूण बेरीज शेंकडा १२५ होते. याचा अर्थ असा कीं, सवलतीच्या शिखरावर असलेल्या माणसाला एक भरपाई ही बिनसवलतीच्या सव्वा वर्षाच्या हप्त्याइतकी महाग पडते. याच्या उलट, गाडीच्या पहिल्याच वर्षीं ज्याच्यावर प्रसंग ओढवतो त्याला अद्याप कांहींच मिळालेलें नसतें. त्याचा पांच वर्षांतला तोटा अनुक्रमें २०, ५, १०, १० आणि ५, म्हणजे एकूण शेंकडा ५० एवढाच. प्रसंग तोच, पाणी तेवढेंच; पण एकाची किंमत दुसऱ्याच्या अडीचपट.

एक उदाहरण घेतल्यानें हें अधिक स्पष्ट होईल. एका कुटुंबाची लहान मोटार आहे. तिला पांच वर्षें पूर्ण झालीं आहेत आणि सवलत शेंकडा ५० आहे. सवलत धरली नाहीं तर स्वतःच्या नुकसानीचा वार्षिक हप्ता ८,००० रुपये होतो असें समजूं या. पाणी शिरल्यामुळें बिल झालें १६,००० रुपये : सफाई आणि मजुरी ६,०००, बॅटरी ५,०००, रबर-प्लॅस्टिकचे भाग ३,००० आणि धातूचे भाग २,०००. कंपनी मजुरीचे ६,००० मान्य करील, बॅटरीचे २,५००, रबर-प्लॅस्टिकचे १,५०० आणि धातूच्या भागांचे १,२००. बेरीज ११,२००. त्यांतून मालकाचा भाग १,००० वजा जातां हातीं येतात १०,२०० रुपये. आणि गमावलेली सवलत ? आठ हजारांची सव्वापट, म्हणजे १०,००० रुपये. सोळा हजारांच्या बिलावर एवढी धांवपळ करून निव्वळ लाभ दोनशें रुपयांचा ! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हाच.

आतां तेंच १६,०००चें बिल चार महिन्यांच्या नव्या गाडीचें असलें तर ? धातूच्या भागांवर घसारा नाहीं, म्हणून १,००० वजा जातां ११,००० रुपये मिळतात. हप्ता नव्या गाडीचा, म्हणून मोठा, समजा १४,०००. त्याच्या निम्मे, म्हणजे ७,००० रुपयांची सवलत जाते. चार हजार रुपये पदरांत पडतात. येथें भरपाई मागणें शहाणपणाचें ठरतें.

या हिशेबाला दोनचार दुरुस्त्या जोडावयास हव्यात. गाडी जुनी होते तसतशी तिची विम्याची किंमत घटते आणि हप्ताहि सामान्यतः कमी होतो. म्हणून प्रत्यक्ष तोटा वरील आंकड्यांहून थोडा कमीच भरेल. पुढील पांच वर्षांत दुसरा एखादा मोठा प्रसंग आलाच तर सवलत त्या वेळींहि गेलीच असती. त्याच वर्षीं आधीं एकदां भरपाई घेतलेली असेल तर सवलत जाऊन चुकलेली आहे. दुसऱ्या खऱ्या नुकसानीची भरपाई सोडण्यांत मग कांहींच मिळकत नाहीं. उलट, लवकरच नवी मोटार घेण्याचा बेत असेल तर सवलतीचें मोल वाढतें. कारण ती सवलत गाडीची नसून मालकाची असते, आणि नव्या, मोठ्या हप्त्यावर ती लावून घेतां येते. सवलत राखून ठेवणारी पुरवणीहि कित्येक कंपन्या देतात. ती घेतली असेल तर एका भरपाईनें पायरी ढळत नाहीं. मात्र या सर्व पुरवण्या पावसाळ्यापूर्वीं, विम्याचें नूतनीकरण करतांनाच विचारांत घ्यावयाच्या असतात. तहान लागल्यावर विहीर खणून येथें उपयोग होत नाहीं.

आणि जेथें नुकसान मोठें आहे तेथें हा सारा खल निरर्थक ठरतो. इंजिन, विजेची सर्व यंत्रणा आणि बैठका एकदम गेल्या तर दुरुस्तीचा आंकडा गाडीच्या किंमतीला भिडतो. दुरुस्तीचा खर्च विमापत्रांतील घोषित किंमतीच्या शेंकडा ७५ हून अधिक झाला तर गाडी संपूर्ण बुडाली असें मानून ती किंमत, मालकाचा ठराविक भाग वजा करून, देण्याची रीत आहे. अशा वेळीं सवलतीसाठीं मागणी न करणें म्हणजे छत्री भिजूं नये म्हणून स्वतः पावसांत भिजण्यासारखें आहे. येथें एक गोष्ट जातां जातां सांगावीशी आहे : हप्ता कमी व्हावा म्हणून कित्येक जण गाडीची घोषित किंमत मुद्दाम कमी लिहवितात. वांचलेले थोडे रुपये त्यांना अशा दिवशीं फार महाग पडतात.

निर्णय कांहींहि होवो, कंपनीला खबर देण्यांत विलंब नसावा. खबर देणें आणि भरपाई घेणें या एक गोष्टी नव्हेत. अंदाज पाहून हिशेब जुळत नाहीं असें वाटलें तर मागणी परत घेतां येते. प्रत्यक्ष पैसे घेतले नाहींत तर सवलत सामान्यतः टिकते. मात्र तसें कंपनीकडून लेखी घ्यावें. नुकसान ५०,००० रुपयांचें किंवा अधिक असेल तर परवाना असलेला सर्व्हेअर गाडी तपासतो. तो येण्यापूर्वीं गाडी खोलूं देऊं नये, आणि काढलेले निकामी भाग टाकून देऊं नयेत. जुने पोंचे आणि ओरखडे पुराच्या खात्यावर घालण्याचा सल्ला एखादा गॅरेजवाला देईल. तो ऐकूं नये. एका खोट्या ओळीनें खरी मागणीहि बुडते. खरी मागणी अन्यायानें नाकारली गेली असें वाटल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरांत उत्तर आलें नाहीं किंवा समाधान झालें नाहीं तर एक वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे जातां येतें. त्याचीं कार्यालयें मुंबईला आहेत तशीं पुण्यालाहि आहेत, आणि तेथें फी पडत नाहीं.

तात्पर्य, ओल्या गालिच्याचा वास घरभर पसरलेला असतांना घाईनें कांहीं ठरवूं नये. एका कागदावर तीन आंकडे लिहावेत : घसारा आणि स्वतःचा भाग वजा जातां हातीं येणारी रक्कम, पुढच्या पांच वर्षांत गमवावी लागणारी सवलत, आणि घराला तोशीस न लागतां स्वतः सोसतां येईल असा खर्च. पहिला आंकडा दुसऱ्याहून थोडाच मोठा असेल आणि बिल तिसऱ्याच्या आंत बसत असेल, तर तो खर्च घरानेंच सोसावा. बिल तिसऱ्या आंकड्याच्या पलीकडे जात असेल तर संकोच न करतां भरपाई मागावी. हप्ते भरले ते त्याच दिवसासाठीं. घराला जें सोसवतें त्याच्यासाठीं घरचा गल्ला आहे. जें सोसवत नाहीं त्याच्यासाठीं विमा आहे. ही सीमा ज्यानें पावसाळ्यापूर्वींच ओळखून ठेविली, त्याला रस्त्यावर पाणी चढलें तरी ठरविण्यासारखें फारसें उरत नाहीं.